रेड, बॅटरी आणि तो नारिंगी दिवा

'रेड' म्हटलं की आमच्या मुरबाडच्या काकांना अजूनही इन्कम टॅक्सवाल्यांची धाड आठवते. मी सर्व्हरमधल्या रेडबद्दल बोलतोय. दोन-चार हार्ड डिस्क एकत्र बांधायच्या, मशीनला ती एकच मोठी डिस्क आहे असं भासवायचं, आणि त्यातली एखादी मेली तरी काम थांबू द्यायचं नाही, ती रेड. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी त्यावर पेपर लिहिला, तेव्हा नावातल्या 'आय'चा अर्थ 'इनएक्स्पेन्सिव्ह', म्हणजे स्वस्त, असा होता. पुढे त्याचं 'इंडिपेंडंट' झालं. बरोबरच आहे, महागडं कार्ड विकताना नावात 'स्वस्त' कसं चालेल?

माझं म्हणणं एवढंच, की कंट्रोलर सेट करताना आपण मॅन्युअल बघतो, गाव बघत नाही. दुसऱ्या कुणाला नावं ठेवायला हे लिहीत नाहीये. घोळ मीच घातला होता.

तर झालं असं. तीनेक वर्षांपूर्वी शहापूर तालुक्यातल्या एका पतपेढीने जुना सर्व्हर घेतला. तीन डिस्क, चांगला हार्डवेअर कंट्रोलर. मॅनेजर काका घरच्या ओळखीतले. "अरे, तू एवढा इंजिनियर झालास, आमचं एवढं करून दे." शनिवारी कसारा लोकल पकडून आसनगावला उतरलो आणि तिन्ही डिस्कची रेड ५ लावून दिली. रेड ५ का? कारण तीन डिस्कच्या पैशात दोन डिस्कची जागा मिळते आणि वर एक मेली तरी चालतं. कॉलेजपासून हेच ऐकलेलं. त्या पतपेढीचा इतक्या वर्षांचा सगळा डेटा वीस जीबीसुद्धा नव्हता, आणि मी त्यांना दोन टीबी जागा दिल्याच्या आनंदात वडापाव खात होतो!

रेड ५ कशी चालते ते तालुक्याच्या भाषेत सांगतो. पहिल्या डिस्कवर ७ लिहा, दुसरीवर १२, तिसरीवर बेरीज १९. बाराची डिस्क गेली? १९ वजा ७, आला बारा परत. (खरं गणित बेरजेचं नाही, एक्सॉरचं असतं, आणि बेरजा सगळ्या डिस्कवर वाटून ठेवतात. पण सातबारा म्हटलं की आमच्याकडे कुणालाही पटकन कळतं.) आता सातचा आठ करायचाय. म्हणजे जुना सात वाचा, जुनी बेरीज वाचा, आठ लिहा, मग बेरीज वीस करा. एका आकड्यासाठी चार खेपा. म्हणून संध्याकाळी दिवसाचा हिशोब बंद करताना त्यांचं सॉफ्टवेअर गोगलगाईसारखं चालायला लागलं. रोज फोन.

त्यावर उपाय कंट्रोलरमध्येच असतो, त्याला राइट बॅक म्हणतात. डेटा कंट्रोलरच्या मेमरीत आला की तो लगेच "लिहिलं" म्हणून सांगतो आणि डिस्कवर सवडीने उतरवतो. मध्येच लाइट गेली तर ती मेमरी जिवंत ठेवायला कार्डावर एक छोटी बॅटरी असते. आमच्या सेकंडहँड कार्डाची बॅटरी कधीच मेलेली होती. म्हणून कंट्रोलर आपला शहाण्यासारखा राइट थ्रू मोडवर गेला होता, म्हणजे डिस्कवर खरंच उतरल्याशिवाय "लिहिलं" म्हणायचं नाही. आणि मी काय केलं? मेनूत एक पर्याय असतो, बॅटरी नसली तरी राइट बॅक चालू ठेवा. तो चालू केला. सर्व्हर पळायला लागला, काका खूश, मी त्याहून खूश.

ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये हे एक वेळ चालून जाईल. तिथे दोन-दोन फीडर, जनरेटर, आणि नारिंगी दिवा लागला की तिकीट पडतं. शहापुरात पावसाळ्याच्या तोंडाला वादळ झालं की पहिली गोष्ट लाइट जाते. ज्या तालुक्यातल्या भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं, त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. तिथे सगळ्याच गोष्टींचा बॅकअप एक तर नसतो, नाहीतर तो कसाऱ्याच्या लोकलने यायचा असतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं. फक्त कंट्रोलरच्या मेनूसमोर बसलो की मी एकदम ऐरोलीकर होतो.

सहा महिन्यांनी काकांचा फोन. "तुझा तो डबा कुईकुई ओरडतोय रे, कस्टमर लोक विचारतात." मी मीटिंगमध्ये. अलार्म बंद करायचं बटण स्क्रीनवर कुठे आहे ते सांगितलं आणि फोन ठेवला. शनिवारी बघू म्हटलं. तो शनिवार आलाच नाही. एक डिस्क मेली होती, कंट्रोलर घसा फोडून तेच सांगत होता, आणि त्याचं तोंड मी दाबलं. पुढचे चार महिने नारिंगी दिवा लुकलुकत राहिला. धूळ बसू नये म्हणून सर्व्हरवर घरून आणलेलं क्रोशाचं कव्हर होतं. तेवढं मात्र अगदी नेमाने धुतलं जायचं.

मग जूनमधलं वादळ. लाइट गेली, युपीएसची बॅटरी पाच मिनिटंही टिकली नाही. आता वरचं गणित परत बघा. बाराची डिस्क आधीच मेलेली. सातचा आठ झाला, पण बेरीज वीस व्हायच्या आत सगळं बंद. राहिले ८ आणि १९. कंट्रोलर प्रामाणिकपणे वजाबाकी करतो आणि म्हणतो, तिथे ११ होते. ज्या आकड्याला त्या दिवशी कुणी हातही लावला नव्हता, तोच बदलला. डेटाबेस उघडेनाच.

इथे पैशाचा मामला आहे. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतपेढीतल्या ठेवीला तो लागू नाही. बाजारपेठेतला भाजीवाला रोज पिग्मी एजंटकडे शंभर रुपये देतो, ते फक्त विश्वासावर. आणि तो विश्वास माझ्या एका टिकमार्कवर टांगलेला!

वाचवलं कुणी? काउंटरवरच्या ताईंनी. त्या दर शुक्रवारी सॉफ्टवेअरमधला बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन पर्समध्ये टाकायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. "आधीच्या नोकरीत सवय लागली," म्हणाल्या. मधला एक शुक्रवार सुट्टीत गेल्यामुळे तो बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा होता. ते अकरा दिवस आम्ही व्हाउचर आणि एजंटांच्या पावत्या बघून दोन रात्री जागून परत भरले. मला तेव्हा कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

लोक म्हणतात, मग क्लाउडवर का नाही टाकत? टाकतोच की, रोज रात्री एक कॉपी. पण रस्ता खणताना केबल तुटली म्हणून काउंटर बंद ठेवायचं हे मला पटत नाही. रेड हवीच, पण ती एखादी डिस्क मेली तरी काउंटर चालू ठेवायची सोय आहे, बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेलं खातं ती दोन्ही डिस्कवरून तितक्याच तत्परतेने डिलीट करते.

आता तिथे फक्त दोन डिस्क आहेत, रेड १, म्हणजे एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर. तीही लिनक्सच्या सॉफ्टवेअरमधून. कारण तो कंट्रोलर गेला असता तर तसाच कंट्रोलर शोधायला लॅमिंग्टन रोडला जावं लागलं असतं, आणि रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद. सॉफ्टवेअरची जोडी कुठल्याही मशीनमध्ये लावा, वाचता येते. डिस्कची स्वतःची राइट कॅशही बंद ठेवलीये. सर्व्हर थोडा हळू चालतो, पण वीस जीबीला काय शर्यत जिंकायचीय? ऑफिसातले मित्र हसतात, "अजून रेड १?" हसू देत. रेडचा आकडा मी आता एकाच हिशोबाने ठरवतो, नवीन डिस्क घेऊन माणूस तिथे किती वेळात पोचेल. रायत्याच्या पुलावर उल्हास नदीचं पाणी आलं की कल्याणहून मुरबाडला येणारा रस्ता बंद, हेही त्या हिशोबात धरायचं.

मुरबाडच्या शाखेत गेल्या महिन्यात असंच मशीन बसवलं. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत काकांच्या मोटरसायलवर मागे बसून गेलो, डिस्क मांडीवर. डिस्क बिघडली की मेसेज आता मला, काकांना आणि ताईंना, तिघांनाही जातो. ताईंनी शुक्रवारचा पेनड्राइव्ह काही सोडलेला नाही, आणि मीही सोडा म्हणालो नाही. जास्तीची एक डिस्क सोनेतारणाच्या तिजोरीत ठेवलीये, बांगड्यांच्या पाकिटांशेजारी. काकांनी तिच्यावर रीतसर चिठ्ठी चिकटवून रजिस्टरमध्ये नोंद केलीये. वजनाच्या रकान्यात काय लिहायचं, यावर जरा वाद झाला.