विश्वास पारखून घ्यावा लागतो

देगलूरचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे ते धुंडामहाराज देगलूरकरांच्या कीर्तन-प्रवचनांमुळे. पंढरीची वाट चालणारा वारकरी विठ्ठलापाशी पुरावा मागत नाही; ही श्रद्धा होय. परंतु तोच वारकरी घर बांधावयास काढतो तेव्हा गवंडी पारखून घेतो. ज्याचे काम टिकले त्यालाच बोलावतो. हा विश्वास, तो अनुभवावर उभा असतो. आणि अनुभव बदलला की विश्वासाची फेरतपासणी करावयास लावतो तो विवेक. या तिहींची गल्लत झाली की काय घडते, हे मराठवाड्याने भोगले आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून किल्लारी परिसर झोपी गेला असताना धरणी हादरली. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दैवी कोप म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण माणसे मेली ती घरांखाली: मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, त्यांना आरपार सांधणारे जोडदगड नाहीत, आणि वर माळवदाच्या मातीचे ओझे.

धरणीने सूचना दिली नव्हती काय? १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीला धक्क्यांमागून धक्के बसले होते. भूकंपाच्या सरकारी नकाशात मात्र हा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. दख्खनचा खडक अचल आहे, ही समजूत १९६७ साली कोयनेने खोटी ठरविली होती. नकाशात कोयनेचा विभाग बदलला. किल्लारीचा बदलला नाही. हा पहिला विभागच रद्द झाला तो २००२ साली. येथे डोळे मिटून विसंबणारा अडाणी शेतकरी नव्हता. शास्त्राच्या नावाने चालणारी शासनव्यवस्था होती. तपासावयाचा विश्वास तिने श्रद्धेसारखा जपला.

भूकंपानंतर दगडावरचा विश्वास उडाला आणि सिमेंटवर श्रद्धा बसली. दगड दोषी नव्हता, सिमेंटही तारक नाही. बांधणी कशी आहे, हाच प्रश्न आहे. २०२४ च्या मार्चमध्ये व जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात उगम पावलेले धक्के नांदेडपर्यंत जाणवले. म्हणून देगलूरच्या नागरिकांनी आज विचारावे: आमच्या शाळांच्या व दवाखान्यांच्या इमारती कोणी तपासल्या? अहवाल कोठे आहे?

असे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. हिशेब मागणारा विश्वास हाच लोकशाहीचा विश्वास होय. राज्यकर्त्यांना मात्र जनतेचा विश्वास पुरत नाही, त्यांना श्रद्धा हवी असते. कारण श्रद्धा हिशेब मागत नाही. आपल्या मृतांसाठी दिवा लावणाऱ्या माउलीच्या श्रद्धेपुढे आम्ही नम्र आहोत. ती श्रद्धा विठ्ठलाच्या पायी राहो. कंत्राटदाराच्या आणि सरकारच्या पायी ती वाहण्याचे कारण नाही.