पहाटेचे आखडणे आणि रात्रीची गोळी



फजरच्या वजूला नळ फिरवता येत नाही, सज्द्यातून उठताना मनगटावर भार देता येत नाही, आणि दहा-अकरा वाजले की तेच हात पोळ्या लाटू लागतात. मग घरात बोलले जाते, "अम्मीचे दुखणे फक्त सकाळचेच कसे?" सुनेच्या बाबतीत तर शब्द आणखी कडू असतात. भद्रावतीच्या घरांतून ही तक्रार आमच्या कानी पुष्कळदा येते. म्हणून या महिन्यात आम्ही त्याबद्दलच लिहीत आहोत. हे दुखणे खरोखरच सकाळचे असते, आणि त्याला शास्त्रीय कारण आहे.

हाताची-पायाची लहान सांधे दोन्ही बाजूंना सुजत असतील, सकाळचे आखडणे तासभर किंवा जास्त टिकत असेल आणि हे सहा आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर आमवाताची शंका घ्यावी. डॉक्टर त्याला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. वयानुसार गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. त्यात सकाळचे आखडणे बहुधा अर्ध्या तासात सुटते. आमवातात शरीराची संरक्षण व्यवस्थाच स्वतःच्या सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुपटी-तिपटीने जास्त आढळतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांत साधारण दर २०० माणसांमागे एकाला हा आजार निघाला. आपल्याकडेही प्रमाण तेवढेच धरले, तर प्रत्येक मोहल्ल्यात असे एखादे घर असणारच.

आता सकाळचे कारण पाहू. आपल्या शरीरात एक घड्याळ चालते. सूज वाढवणारी काही द्रव्ये रात्री वाढू लागतात आणि पहाटे त्यांचा जोर सर्वांत जास्त असतो. त्यांतले एक इंटरल्यूकिन-६. त्याला आवर घालणारे कॉर्टिसॉल मूत्रपिंडावरच्या ग्रंथी तयार करतात. तेही मध्यरात्रीनंतर वाढू लागते, पण आमवाताच्या रोग्यात सुजेच्या मानाने ते कमी पडते. म्हणून सहेरीच्या वेळेपासून सकाळपर्यंतचा काळ सर्वांत कठीण जातो.

स्टिरॉइड म्हणजे याच कॉर्टिसॉलचे भाऊबंद. अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी १९४८ साली आमवाताच्या रोग्याला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिले. अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० साली त्यांना केंडल व राइखस्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे दुष्परिणामही लवकरच उघड झाले, आणि तेव्हापासून डॉक्टरांचा प्रयत्न एकच राहिला आहे : डोस कमीत कमी आणि फायदा जास्तीत जास्त.

इथे वेळेचा प्रश्न येतो. आठ वाजता नाश्त्यानंतर गोळी घेतली, तर सूज आधीच चढलेली असते. स्वीडनच्या डॉक्टरांनी २६ रोग्यांवर एक प्रयोग केला व तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. काहींना प्रेडनिसोलोनची छोटी मात्रा रात्री दोन वाजता उठवून दिली, काहींना सकाळी साडेसातला. दोनची गोळी सकाळच्या आखडण्यावर सरस ठरली. पण रोज रात्री दोनला कोण उठणार? म्हणून वेळ लावलेली गोळी निघाली. तिच्या आत प्रेडनिसोन असते आणि बाहेर जाड वेष्टन. रात्री दहाच्या सुमारास ती जेवणाबरोबर किंवा काही खाऊन घ्यायची. पोटातले पाणी वेष्टनात हळूहळू शिरते आणि सुमारे चार तासांनी ते फुटून औषध बाहेर पडते. माणूस झोपेतच असतो.

बर्लिनचे डॉ. फ्रँक बुटगेराइट व सहकाऱ्यांनी २८८ रोग्यांवर १२ आठवडे याची परीक्षा घेतली. निष्कर्ष २००८ साली आले. तेवढीच मात्रा सकाळी घेणाऱ्यांचे आखडणे जवळजवळ तसेच राहिले. रात्रीची गोळी घेणाऱ्यांचे सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले. दोन्ही गटांतला फरक साधारण अर्ध्या तासाचा होता. आजाराच्या एकूण जोरात मात्र फारसा फरक पडला नाही. अमेरिकेत या गोळीला २०१२ साली मान्यता मिळाली, पण साध्या गोळीपेक्षा तिची किंमत कितीतरी पट आहे. अर्धा तास थोडा वाटेल, पण फजरची नमाज, मुलांचे डबे आणि शेतावर किंवा खाणीवर जाणाऱ्याची भाकरी त्याच अर्ध्या तासात असते. तरीही ही गोळी आजार मुळापासून काढत नाही.

आपल्याकडे डॉक्टर बहुधा साधी प्रेडनिसोलोनच लिहून देतात. म्हणून आमची पहिली विनंती ही, की हे वाचून कोणी आपली सकाळची साधी गोळी स्वतःच्या मनाने रात्रीवर नेऊ नये. साधी गोळी दहाला घेतली तर ती लगेच विरघळते, चार तास थांबत नाही. झोपही उडू शकते. पोटाला त्रास होऊ नये म्हणून वेष्टन लावलेली गोळी ही वेळ लावलेली गोळी नव्हे. आणि अशी कोणतीही वेष्टनाची गोळी तोडून, कुटून किंवा चावून खाऊ नये.

दुसरी विनंती अधिक कळकळीची आहे. वाताच्या नावाने बिनलेबलाच्या पुड्या आणि गोळ्या विकल्या जातात. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला, तर त्यात स्टिरॉइड मिसळले असण्याची शंका घ्यावी. जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून महिनोन्‌महिने गोळ्या आणणे हाही तोच धोका. दुखणे दबते, पण सांधे आतून वाकडे होत राहतात. चेहरा सुजतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, दबलेला क्षयरोग डोके वर काढू शकतो. आमवाताचे खरे औषध म्हणजे सांधे वाचवणारी मेथोट्रेक्सेटसारखी औषधे. त्यांचा परिणाम दिसायला आठवडे लागतात. तोवरचा आधार म्हणून डॉक्टर थोडे दिवस स्टिरॉइड देतात आणि मग कमी करत बंद करतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते; चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. गर्भवतीने ते घ्यायचे नाही, म्हणून मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांना सांगावे.

तिसरी गोष्ट रमजानची. दिवसा काही घ्यायचे नाही म्हणून गोळीच बंद करणारी माणसे असतात. काही आठवडे स्टिरॉइड चालू असले की शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल कमी बनवते. गोळी एकदम थांबवली तर उलट्या, कमालीचा अशक्तपणा आणि रक्तदाब घसरणे असा प्राणघातक प्रसंग येऊ शकतो. म्हणून रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटा. सकाळची गोळी सहेरीत जेवणासोबत चालेल का, बाकीची औषधे इफ्तारनंतर कशी बसवायची, आणि आपल्या प्रकृतीला रोजा झेपेल का, हे स्पष्ट विचारा. आजारी माणसाला दीनने सवलत दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. सांधे वाकत नसतील तर खुर्चीवर बसून नमाज पढता येते, हेही घरातल्या थोरांनी आपणहून सांगावे.

डॉक्टरांकडे जाताना एक साधे काम करा. आठ दिवस वहीत लिहा : किती वाजता जाग आली, बोटे किती वाजता मोकळी झाली, कोणते सांधे सुजले, कोणती गोळी किती वाजता घेतली. "सकाळी दुखते" यापेक्षा "साडेपाच ते साडेसात मूठ मिटत नाही" हे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडते. त्यावरूनच ते औषधाची वेळ बदलायची की औषधच, हे ठरवू शकतात. सुरुवात ग्रामीण रुग्णालयातून करा. पुढे चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि भांदक स्टेशनवरून रेल्वेने सेवाग्राम किंवा नागपूरही गाठता येते. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, सीआरपी या तपासण्या होतील. आधीच्या सर्व चिठ्ठ्या आणि पुड्याही सोबत न्या, लपवू नका.

ज्या घरात असे दुखणे आहे, त्या घरातल्या माणसांना शेवटी एवढेच सांगणे : पहाटेचे दोन तास वजूचे पाणी कोमट करून द्या, कणीक दुसऱ्या कोणी मळा, आणि "कंटाळा करते" हा शब्द घरातून काढून टाका. औषध डॉक्टर देतील, शिफा अल्लाह देईल; पाण्याचा तांब्या मात्र आपल्यालाच उचलून द्यायचा आहे.