घर वेगळं, बैल वेगळे

विषय सुरुवातीला लांबचा वाटेल, अगदी अमेरिकेतला. पण थोडा धीर धरा, तो आपल्या लोह्याचाच आहे.

माझा धाकटा भाचा टेक्सासात असतो. चार वर्षांपूर्वी त्यानं पिकअप ट्रकच्या हौद्यात बसणारी एक तयार खोली घेतली होती. तिकडं तिला ट्रक कॅम्पर म्हणतात. आत झोपायची जागा, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं. यंदा त्यानं ती विकली आणि दोन चाकांच्या साध्या लोखंडी सांगाड्यावर प्लायवूडची छोटी खोली स्वतःच्या हातानं ठोकली. ती आता गाडीच्या मागं जोडून ओढत नेतो. नात्यातल्या काही जणांना ही उतरती कळा वाटली. "एवढी चांगली वस्तू विकून आता डबा ओढत हिंडणार का?" असं दोघा-तिघांनी मलाही फोनवर विचारलं. भाचा हे वाचेलच, म्हणून जाहीरच सांगतो: त्यानं शहाणपणाचं काम केलं. आणि हे शहाणपण टेक्सासातलं नाही, आपल्या बैलगाडीतलं आहे.

त्यानं मला जी कारणं सांगितली ती ऐकण्यासारखी आहेत. ट्रकच्या पाठीवर घर ठेवलं की सगळं वजन एकट्या ट्रकवर येतं. प्रत्येक ट्रकची पाठीवर वाहायची एक मर्यादा असते. खोली, भरलेली टाकी, गॅस, सामान, बायको-मुलं असं मोजत गेलं की ती बघता बघता संपते. वजन उंचावर गेल्यामुळं वळणावर आणि आडव्या वाऱ्यात गाडी डुलते. मुक्कामाला पोचल्यावर दूध आणायला जायचं तर अख्खं घर आवरून बरोबर न्यायचं! खोलीला चार टेकू लावून ट्रक खालून काढता येतो म्हणे, पण रोज तो उद्योग कोण करणार? आणि सगळ्यात मोठं म्हणजे, ट्रक दुरुस्तीला गेला की घरही दुरुस्तीला. उद्या ट्रक बदलला तर जुनी खोली नव्या ट्रकच्या मापात बसेलच असं नाही.

आता आपली बैलगाडी आठवा. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला, मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या सुमाराला, आमच्या लहानपणी पंचक्रोशीतून गाड्या यायच्या. गाडीवर कामट्यांची कमान, तिच्यावर ताडपत्री किंवा घोंगडी, खाली कडब्याचा थर. माळावर पोचलं की पहिलं काम बैल सोडण्याचं. जू टेकूवर ठेवलं की गाडीचं घर झालं. बैल चारापाण्याला मोकळे, घर जागच्या जागी. एखादा बैल आजारी पडला तर शेजाऱ्याचा जुपायचा, पण घराला त्याचं सोयरसुतक नाही. जुपणं आणि सोडणं हे दोन शब्द ज्या भाषेत रोजचे आहेत, तिला ट्रेलर म्हणजे काय हे वेगळं शिकवायची गरज नाही.

ओढत्या गाडीचे तोटे नाहीत असं मी म्हणत नाही. मागं घेताना ती उलटी वागते, चाक डावीकडं फिरवलं की गाडीचं बूड उजवीकडं जातं. शिवाय वजनाची मांडणी चुकली तर जीवाशी खेळ. भाच्यानं सांगितलं की एकूण वजनाचा साधारण दहावा ते सातवा हिस्सा पुढं जोडाच्या ठिकाणी यावा लागतो. मागं वजन जास्त झालं की वेगात ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही फिरवतो. मी त्याला म्हटलं, अरे, याला आपल्याकडं गाडी उलाळ होणं म्हणतात. मागं जास्त ओझं भरलं की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढं जास्त भरलं की बैलांच्या मानेवर भार येतो. कडबा कसा भरायचा हे निरक्षर गडीमाणसाला जितकं कळायचं, तितकंच तिकडच्या पुस्तकात लिहिलं आहे.

असो. आता आपल्या गावाकडं येतो.

आपल्याकडं घर बरोबर घेऊन हिंडणारी माणसं कोण? सहलीला जाणारे तर बोटावर मोजण्याइतके. खरी माणसं म्हणजे ऊसतोडीला जाणारी. लोहा, कंधार, मुखेड या डोंगरपट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात, आणि उन्हाळा लागला की परततात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. मी शाळेत असताना दिवाळीच्या सुट्टीनंतरचा हजेरीपट बघवत नसे. एकेका वर्गातली निम्मी नावं नुसती नावंच उरायची.

या टोळ्यांनी एक बदल कधीच करून टाकला आहे. पूर्वी आमच्याकडं ट्रकच्या टोळ्या जास्त दिसायच्या, आता ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जास्त दिसतात. कारण तेच, भाच्याचंच! ट्रकमध्ये ऊस भरेपर्यंत इंजिन, ड्रायव्हर, सगळं फडात अडकून पडतं. ट्रॉली मात्र फडात सोडून देता येते. एक भरत असते तेव्हा दुसरी कारखान्यावर रिकामी होत असते. हंगाम संपला की ट्रॅक्टर नांगरटीला मोकळा. म्हणजे उसासाठी ओढणारं वेगळं आणि वाहणारं वेगळं ठेवायचं हे सगळ्यांना कळलं. प्रश्न एवढाच, की माणसासाठी ते कुणाला का सुचत नाही?

माणूस आजही त्याच ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं यांच्यासह बसून जातो आणि तिथं पोचल्यावर बांबू, चटया, पाचट, प्लास्टिकचा कागद यांची कोपी करून राहतो. एक फड संपून दुसऱ्या गावी तळ हलला की पुन्हा मोडायची, पुन्हा उभारायची. कोपीला दाराची कडी नाही. रात्री-अपरात्री आईबाप फडात गेले की आत मुलं एकटी. पाचटाला ठिणगीचं भय, जमिनीवर विंचूकाट्याचं. बाईला आंघोळीला आडोसा नाही. चैत्रात परत आलेली माझी एक विद्यार्थिनी मला म्हणाली होती, "गुरुजी, वह्या हाईत, पर वाचता येत न्हाईत." अवकाळी पाऊस कोपीत शिरला होता. शाई पानभर पसरलेली. ती वही मी बराच वेळ हातात धरून होतो.

माझं म्हणणं साधं आहे. टोळीतल्या प्रत्येक कुटुंबाला चाकांवरची एक साधी खोली असावी. आलिशान काही नको. दोन चाकांचा मजबूत सांगाडा, वर पत्र्याची पण आतून अस्तर लावलेली खोली, म्हणजे उन्हानं भाजणार नाही. जाळीची खिडकी, कडी-कुलूप लागणारं दार, मुलांना बसायला फळी, एका कोपऱ्यात न्हाणीचा आडोसा, छपरावर दोन दिवे लागतील एवढं सौर पॅनेल. हंगामाच्या सुरुवातीला ट्रॅक्टरनं ओढून न्यायची, तळ हलेल तेव्हा हलवायची, उन्हाळ्यात कारखान्याच्या आवारात लावून ठेवायची. मालकी कारखान्याची असली तरी चालेल. कामगारांना टायरची बैलगाडी कारखान्यांनीच वापरायला दिली ना? मग त्याच चाकांवर घर द्यायला काय हरकत आहे?

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर दिल्लीची सीमा आठवा. नोव्हेंबर २०२० ते डिसेंबर २०२१, वर्षाहून अधिक काळ पंजाब-हरियाणाचे शेतकरी सिंघू आणि टिकरीला राहिले. त्या आंदोलनाबद्दल तुमचं मत काहीही असो, ते राहिले कशात ते बघा. अनेकांचं घर म्हणजे साधी ट्रॉली होती. वर ताडपत्री, खाली पराळ आणि गाद्या, आत दिवा, फोन चार्ज करायची सोय. कडाक्याची थंडी, पाऊस आणि उत्तरेतला उन्हाळा, सगळं त्यांनी काढलं. तिथून निघालेल्या वर्तमानपत्राचं नावच 'ट्रॉली टाइम्स' होतं. ताडपत्रीच्या ट्रॉलीत एवढं होतं, तर मुद्दाम बांधलेल्या खोलीत किती होईल?

सरकारला ही कल्पना अपरिचित आहे असंही नाही. २०२१ साली महाराष्ट्र शासनानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात इंजिनवाल्या गाड्यांबरोबर मागं जोडून ओढायच्या खोल्यांचाही विचार आहे. पर्यटकांची सोय व्हावी, माझी ना नाही. पण वर्षातले पाच-सहा महिने ज्यांचं बिऱ्हाड रस्त्यावर असतं, त्यांच्यासाठी अशाच धोरणाची चार पानं का असू नयेत? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्याच्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या दर टनामागं १० रुपये घ्यायचं ठरलेलं आहे. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहं सुरू झाली, ती हवीतच. पण तान्ही लेकरं आईबरोबरच जाणार, आणि त्यांना सांभाळायला आठ-दहा वर्षांची बहीणही जाणार. त्यांच्या डोक्यावर छप्पर कुठलं?

कायद्याचंही सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' या शब्दात ट्रेलरही येतो. ज्याला मोटारच नाही ते मोटार वाहन! गंमत वाटते, पण अर्थ गंभीर आहे: त्याची रीतसर नोंदणी हवी. मागचे दिवे, परावर्तक पट्ट्या, जोडाला सुरक्षेची साखळी हवी. रात्री दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळून किती संसार संपतात ते आपण दर हंगामात वाचतो. तेव्हा घर ओढायचं तर नीट ओढा. आणि एक अट माझी: चालत्या ट्रॉलीत माणूस बसणार नाही. माणसं बसनं, घर मागून रिकामं.

यावर माझे एक समवयस्क मित्र म्हणाले, "गुरुजी, चाकांवरचं घर देऊन तुम्ही स्थलांतर कायमचं करताय. त्यांना गावातच काम द्या." तत्त्व म्हणून मला हे शंभर टक्के मान्य आहे. आपल्या डोंगरपट्ट्यात पाणी थांबावं, हाताला काम मिळावं, कोणाला जावंच लागू नये. पण हे मी माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ऐकतो आहे आणि आता सत्तरी ओलांडली. तोवर चार पिढ्या मुलांनी पाचटाखाली रात्री काढल्या. विहीर खणून होईपर्यंत तहानलेल्याला तांब्याभर पाणी देऊ नये, असं कुठं आहे?

भाच्यानं आपल्या खोलीला किती दिवस आणि किती सामान लागलं, याचा सगळा हिशेब मला पाठवला आहे. आपल्याकडं वेल्डिंगची दुकानं आहेत, ट्रॉल्या बांधणारे कारागीर तर गावोगाव आहेत. एखाद्या कारखान्याच्या संचालकापर्यंत, एखाद्या मुकादमापर्यंत हा विचार तुमच्यापैकी कोणी पोचवू शकत असेल तर जरूर पोचवा. एका टोळीपुरता, एका हंगामापुरता प्रयोग झाला तरी पुरे. हिशेबाचे कागद माझ्याकडं आहेत, मागाल त्याला देईन.