फुलाखालची सतरंजी

मार्च महिना आला की आम्हा कारकून मंडळींच्या डोक्यात एकच विषय असतो, मार्च एन्डिंग. खतावण्या जुळवायच्या, बाक्या काढायच्या, रात्री आठ-आठ वाजेपर्यंत कचेरीत बसायचे. जपानमध्येही सरकारी हिशेबाचे वर्ष ३१ मार्चलाच संपते. शाळा आणि नव्या नोकऱ्या १ एप्रिलपासून सुरू होतात. पण तिथे नेमक्या याच दिवसांत चेरीची झाडे फुलतात. या फुलांना ते ‘साकुरा’ म्हणतात. अंगावर पान नाही, सगळे झाड फिकट गुलाबी! मग बायकामुलांसह माणसे झाडाखाली सतरंजी अंथरून बसतात, डबे सोडतात. या रिवाजाचे नाव ‘हानामी’, म्हणजे फुले पाहणे.

हा बहर देशभर प्रवास करतो. दक्षिणेच्या ओकिनावा बेटांवर तिथल्या वेगळ्या जातीची झाडे जानेवारीतच फुलतात. तोक्योत मार्चअखेर आणि उत्तरेच्या होक्काइदो बेटावर एप्रिलच्या शेवटी फुले येतात. हवामान खात्याने ठिकठिकाणी एकेक झाड नेमून ठेवले आहे. त्यावर पाच-सहा फुले उमलली की बहर सुरू झाल्याचे जाहीर होते. आठवड्याभरात झाड भरते आणि लगेच पाकळ्या गळू लागतात. म्हणून हौशी माणसे आगगाडीने बहराच्या मागे मागे फिरतात. नारा भागातल्या योशिनो डोंगरावर सुमारे ३०,००० झाडे आहेत. तिथे फुलोरा पायथ्यापासून माथ्याकडे चढत जातो. खालची फुले संपली तर वर चढावे, तिथे ती नुकती उमलत असतात.

ही फुले मात्र पहिल्यापासून सर्वांची नव्हती. इ.स. ८१२ मध्ये सम्राट सागाने क्योतोच्या राजबागेत फुलांची मेजवानी दिल्याची नोंद आहे. फुले राजाची, पाहणारे दरबारी. पुढे ९०० वर्षांनी, १७२० च्या सुमारास, योशिमुने या शोगूनने म्हणजे लष्करी सत्ताधीशाने आजच्या तोक्योतील आसुकायामा टेकडीवर हजारावर चेरीची झाडे लावली आणि नंतर ती जागा सामान्य लोकांना खुली केली. १८७३ साली आसुकायामा आणि उएनो ही देशातली पहिल्या काही सार्वजनिक उद्यानांपैकी दोन ठरली. आज उएनोत फुलांखाली बसायला पैसे पडत नाहीत. जागा धरायला कचेरीतला सर्वांत नवा नोकर सकाळीच निळे प्लॅस्टिक घेऊन पाठवतात. साहेब संध्याकाळी येतो आणि त्याच प्लॅस्टिकवर बूट काढून बसतो.

मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट आहे एका राखणदाराची. तोक्योत सुमिदा नदीकाठी चोमेइजी नावाचे बौद्ध मंदिर आहे. तिथला राखणदार यामामोतो शिन्‌रोकू. नदीकाठच्या चेरींची पाने अंगणात पडायची आणि ती झाडून काढायचे काम त्याच्याकडे. झाडून झाडून कंटाळलेल्या या माणसाने ती पाने मिठात मुरवली, गोड पुरणाचा पदार्थ त्यात गुंडाळला आणि १७१७ साली मंदिराच्या दारात विकायला ठेवला. हाच ‘साकुरामोची’. लाल अझुकी कडधान्याचे पुरण, त्यावर पातळ धिरड्यासारखे आवरण आणि बाहेर खारवलेले पान. आपणही पुरणात चिमूटभर मीठ घालतोच की! १८२४ सालची नोंद आहे की त्या वर्षी तिथे ७,७५,००० पाने खारवली गेली. एका नगाला दोन पाने धरली तर ३,८७,५०० नग झाले. माझ्यातला कारकून लगेच भागाकार करतो, रोजचे हजारावर! ते दुकान आजही चालू आहे.

झाडलोट करणाऱ्या माणसाची ही गोष्ट वाचली आणि मला आमचे दादा आठवले. माझे वडील नगरपालिकेच्या बागेत झाडूवाले होते. पहाटे पाचला बाग झाडायची, गुलमोहराची गळलेली फुले टोपल्यांनी भरून उकिरड्यावर टाकायची. संध्याकाळी लोक तिथे हवा खायला येत. एका रविवारी आई म्हणाली, “पिठलं-भाकरी बांधून घेते, आज बागेत बसून खाऊ.” दादा म्हणाले, “आपण तिथं कामाला जातो, बसायला नाही.” कोणी मनाई केली नव्हती. तरी ते त्या बाकावर कधी बसले नाहीत आणि आम्हीही गेलो नाही.

जपानमध्ये बुद्धजयंती ८ एप्रिलला असते. तिचे नाव ‘हाना मात्सुरी’, फुलांचा सण. विहारात फुलांनी सजवलेला छोटा मंडप उभारतात. तो लुंबिनी वनाची खूण. आत बाल सिद्धार्थाची मूर्ती असते, एक हात आकाशाकडे, दुसरा जमिनीकडे. येणारा प्रत्येक जण, अगदी लहान मूलसुद्धा, पळीने तिच्यावर ‘आमाचा’ ओतते. हा एका झुडपाच्या पानांचा चहा, साखर न घालताच गोड. बाहेर पाकळ्या गळत असतात. अनित्यता मुलांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आणि फार गंभीर होऊ नये म्हणून जपानी म्हणच आहे, फुलांपेक्षा गोळे बरे! हे गोळे म्हणजे ‘दांगो’. तांदळाच्या पिठाचे, उकडलेले, गुलाबी, पांढरा आणि हिरवा असे तीन एका काडीत ओवलेले. आधी पोटोबा तिथेही आहेच.

जपानचे भाडे तुमच्या-माझ्या पगारात बसणारे नाही. पण सतरंजी घरात आहे. दादा आता थकले आहेत. यंदा मार्च एन्डिंग आटोपले की पहिल्या रविवारी त्यांना त्याच बागेत घेऊन जाणार आहे. आईचे पिठले-भाकरी सोबत असेल. तिथे त्या दिवशी ज्याच्या हातात झाडू असेल, त्यालाही दोन घास खायला बोलावू.