रेंटे म्हणजे भाडे नव्हे!

नाशिकची द्राक्षे रॉटरडॅम बंदरात उतरतात, चामड्याचा मालही हॉलंडला जातो. सौदा इंग्रजीत ठरतो. पण बिलाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेल्या अटी मूळच्या डच असतात. त्यांचे इंग्रजी कोणी केले, हे आपले व्यापारी बांधव विचारीत नाहीत.

एकच शब्द घ्या. डच भाषेत ‘रेंटे’ म्हणजे व्याज. घाईच्या किंवा फुकटच्या भाषांतरात त्याचे इंग्रजी ‘रेंट’ झाले, तर वाचणाऱ्याला वाटणार की गोदामाचे भाडे असेल. भाड्याला डचमध्ये ‘ह्यूर’ म्हणतात. म्हणजे जो माणूस बँकेतले व्याज स्वतःच्या घरात येऊ देत नाही, तोच सूद देण्याच्या कलमाखाली सही करून मोकळा होतो! आणि हे सूद किरकोळ नाही. व्यापारी थकबाकीवर तिथला कायदेशीर दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा 8 टक्के जास्त धरतात. सौद्याला डच कायदा लागू असेल तर कलम नसतानाही तो लागतो. आधी कळले तर रोखीचा सौदा करता येतो, मुदत वाढवून मागता येते. सहीनंतर काय करणार?

‘बी. व्ही.’चे भाषांतर ‘लिमिटेड कंपनी’ असे होते. चूक नाही, पण अपुरे आहे. पूर्वी अशा कंपनीला किमान 18,000 युरो भांडवल लागे. ऑक्टोबर 2012 पासून एका सेंटवरही ती निघते. उलट ‘एनमान्सझाक’ म्हणजे एकट्या मालकाचा धंदा. कागदावर लहान दिसतो, पण देणे थकले तर मालकाच्या खासगी मालमत्तेपर्यंत हात पोचतो. उधारी कोणाला द्यावी, हे इंग्रजी शब्दाच्या रुबाबावर ठरवू नये. (आणि ‘कोमिसारिस’ म्हणजे कमिशन एजंट नव्हे, तो कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवणारा असतो.)

आकड्यांचेही तेच. ते टिंब आणि स्वल्पविराम आपल्या उलट वापरतात. 12.500 म्हणजे साडेबारा नव्हे, साडेबारा हजार.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे असेही बजावले आहे. परदेशी सौद्यात भाषांतर करणारा हाच आपला लिहिणारा. त्याच्या मजुरीत काटकसर करणे मला पटत नाही. कायद्याच्या शब्दाला तंतोतंत इंग्रजी जोड नसेल, तर मूळ डच शब्द तसाच ठेवून शेजारी अर्थ लिहायला त्याला सांगावे. दोन्ही भाषांतील मजकुरांत फरक पडला तर कोणता ग्राह्य धरायचा, हेही करारात पाहावे. बहुधा डचच असतो. आणि माल चढवण्याआधी समोरच्याचा ‘कामर फान कोपहांडेल’, म्हणजे तिथल्या व्यापारी नोंदणी कार्यालयाचा, आठ आकडी क्रमांक मागून घ्यावा. त्यावरून सही करणाऱ्याला तसा अधिकार आहे की नाही, ते पाहता येते.