गाव सोडायचे ठरले, पण जायचे कुठे?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत भाषण करताना बाबासाहेबांनी खेड्याची जी चिरफाड केली, ती आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. खेडे म्हणजे भारताचा आत्मा असे मानणाऱ्यांच्या डोळ्यांत त्यांनी अंजन घातले. त्यामुळे गाव सोडावे की नाही, हा वाद आमच्यापुरता तेव्हाच मिटला. पण त्याच बाबासाहेबांची दुसरी मागणी आम्ही सोयीस्करपणे विसरलो. १९४२ च्या नागपूर परिषदेत आणि पुढे १९४७ मध्ये घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती मागितल्या होत्या. सरकारने वसाहत मंडळ नेमावे, जमीन द्यावी आणि माणसे समूहाने तेथे वसावीत, अशी ती मागणी होती. गाव सोडणे म्हणजे एकेका कुटुंबाने रात्री बोचके उचलून एसटी पकडणे नव्हे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आम्ही मात्र एकेकटेच निघालो. १९७२ च्या दुष्काळात पोटासाठी निघालो. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठ नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या आमच्या वस्त्या पेटवल्या गेल्या, टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना हालहाल करून मारले गेले, तेव्हा जीव वाचवायला निघालो. नांदेड, परभणी, औरंगाबादच्या कडेला आज ज्या भीमनगर, मिलिंदनगर, आंबेडकरनगर म्हणून वस्त्या दिसतात, त्यातल्या कितीतरी घरांचा पाया या दोन वर्षांत आहे.

आज हा प्रश्न पुन्हा घरोघरी आहे, पण त्याचे रूप बदलले आहे. पोरगी बारावी झाली, शेत नाही, असले तरी दीड एकर कोरडवाहू, आणि मुंबई-पुणे परवडत नाही. मुंबईत आमच्या आजोबांना जागा मिळाली ती गिरणी, गोदी आणि रेल्वे यांच्या जोरावर. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळींचे टॉवर झाले. ज्याला आज नव्याने मुंबई गाठायची, त्याला बदलापूरच्याही पुढे खोली शोधावी लागते आणि आयुष्यातले चार तास रोज लोकलला द्यावे लागतात. म्हणून आता मधल्या शहरांकडे डोळे लागले आहेत. २०११ च्या जनगणनेत औरंगाबाद पावणेबारा लाखांचे होते, नांदेड साडेपाच लाखांचे, लातूर पावणेचार लाखांच्या पुढचे, परभणी तीन लाखांचे. औरंगाबादचे नाव २०२३ पासून कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर झाले. नाव बदलले म्हणून आमच्या वस्तीतल्या गटाराची दिशा बदलली नाही, एवढे नमूद करून पुढे जाऊ.

या शहरांच्या बाजूने बोलायचे तर पहिले नाव शिक्षणाचेच घ्यावे लागेल. निजामी राजवटीने ज्या भागाला शिक्षणापासून वंचित ठेवले, तेथेच बाबासाहेबांनी १९५० साली कॉलेज काढले. मुंबईतले सिद्धार्थ कॉलेज असताना त्यांनी औरंगाबाद निवडले, यातच मधल्या शहराचे महत्त्व आहे. खेड्यातला पोरगा मुंबईला पोहोचत नव्हता, औरंगाबादला पोहोचत होता. नागसेनवनात शिकलेल्या पिढीने दलित साहित्य दिले, पँथरला कार्यकर्ते दिले, आणि १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंतची लढाई लढली. ही ताकद खेड्यात विखुरलेल्या चार-चार घरांतून उभी राहिली नसती. आजही विद्यापीठ, विधी महाविद्यालये आणि १९८४ पासूनचे उच्च न्यायालयाचे खंडपीठ एकाच शहरात असल्यामुळे आमच्या पहिल्या पिढीचा मुलगा सकाळी वर्गात आणि दुपारी न्यायालयात बसू शकतो. जिल्हा वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार, इतर महसुली विभागीय आणि 'क' वर्ग महापालिका शहरांसाठी ५१ हजार रुपये अशी तिची रचना आहे. हप्ता वेळेवर येत नाही, वर्ष संपल्यावर येतो, ही रड आहेच. तरी ५१ हजारांत औरंगाबादला जे भागते ते पुण्यात ६० हजारांत भागत नाही, हे कोणीही विद्यार्थी सांगेल.

मुलींचे तर विचारूच नका. गावात आठवीनंतर शाळा पाच किलोमीटरवर आणि वाटेत कोणाकोणाच्या नजरा, म्हणून तिची शाळा सुटते आणि लग्न ठरते. शहरात निदान शाळा गल्लीच्या टोकाला असते. आमच्या आया-बहिणी धुणीभांडी करतात, पण पाटलाच्या वाड्यावर नाही. काम पटले नाही तर त्या दुसरे घर धरतात. हा फरक ज्याने गाव सोसले त्यालाच कळेल.

आता दुसरी बाजू. कामाचा भरवसा कितपत? १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि एक पिढी तरली. त्या काळी कायम झालेल्या कामगाराने घर बांधले, मुलांना इंजिनिअर केले. आता शेंद्रा-बिडकीनला सुमारे दहा हजार एकरांवर नवे औद्योगिक शहर होत आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा-किर्लोस्करशी सुमारे २० हजार कोटींचा सामंजस्य करार झाला, त्याचे फलक लागले. फलक वाचून कोणी गाव सोडू नये. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, भरती कंत्राटदारामार्फत होते, आणि बहुतेकांच्या हाती हजेरीकार्डापलीकडे काही पडत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनी प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक केले आहे. ते मागा. देणार नाहीत, तरी मागा, आणि मागितल्याचा पुरावा ठेवा. आयटीआय किंवा पदविका हातात असेल तर या शहरांत जागा आहे. नुसते हात घेऊन आलात तर येथेही मजूर अड्डाच आहे, फक्त त्याचे नाव चौक.

मात्र आमच्या मते मधल्या शहराची खरी परीक्षा कामात होत नाही, घरात होते. येथे माणसे एकमेकांना ओळखतात. घरमालक आधी भाडे सांगत नाही, आधी विचारतो, 'आडनाव काय?' आडनावावरून कळले नाही तर 'गाव कोणते, पाहुणे कोणते' हे निघते. मग खोली 'कालच दिली' असते. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ च्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्यास आडकाठी करणे गुन्हा आहे. पण कारण कोणी तोंडाने बोलत नाही आणि साक्षीला कोणी येत नाही. त्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने झोरोॲस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात एका समाजापुरते सभासदत्व ठेवणारी पोटनियमांची तरतूद ग्राह्य धरली. खटला पारशी संस्थेचा होता, आधार मात्र जातवार सोसायट्यांना मिळाला. मग आमचा माणूस वळतो आपल्या वस्तीकडे, आणि वस्तीत जागा नसेल तर शहराबाहेरच्या वीस बाय तीसच्या प्लॉटकडे.

हे प्लॉट आम्ही रोज पाहतो. शेतजमिनीचे तुकडे पाडून बॉण्डवर विकलेले असतात. नोटरीचा शिक्का बघून आमचा बांधव आयुष्याची पुंजी मोजून देतो. नोटरी केलेला बॉण्ड म्हणजे खरेदीखत नव्हे. नोंदणी नसेल तर मालकी नाही, एकच प्लॉट तिघांना विकला गेला तर दाद मागताना उभे आयुष्य जाते. गुंठेवारीचा कायदा २००१ साली झाला, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करण्याची वाट उघडली. त्यानंतरच्या प्लॉटला तेही छत्र नाही. सातबारा, बिगरशेती आदेश आणि मंजूर रेखांकन पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. पाण्याचेही तेथेच विचारून घ्यावे. जायकवाडी पन्नास किलोमीटरवर असूनही औरंगाबादच्या नळाला वर्षानुवर्षे आठ-आठ दिवसांआड पाणी आले आहे, आणि २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

शहरात जातीय अत्याचार नाहीत, असे कोणी सांगत असेल तर त्याने परभणी आठवावी. १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या उद्रेकानंतर पोलीस आमच्या वस्त्यांत शिरले. कायद्याचे शिक्षण घेणारे सोमनाथ सूर्यवंशी अटकेत गेले आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्यांचा मृत्यू झाला. गुन्हा नोंदवण्यासाठी खंडपीठाला ४ जुलै २०२५ रोजी आदेश द्यावा लागला, सरकार त्याविरुद्ध दिल्लीला गेले, तेथेही तो आदेश टिकला. वस्ती एकत्र असल्याने पोलिसांना दार ठोठावणे सोपे झाले, हे खरे. पण वस्ती एकत्र होती म्हणूनच वकील उभे राहिले, मोर्चा निघाला आणि प्रकरण दडपता आले नाही, हेही तितकेच खरे. उलट नांदेडला लागून असलेल्या बोंढार हवेलीत १ जून २०२३ रोजी अक्षय भालेराव या तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती काढल्याचा राग त्यामागे होता, अशी फिर्याद आहे. शहराची हद्द काही किलोमीटरवर होती, पण ते गाव होते. म्हणून तुलना करायची झाली तर आम्ही शहराच्याच बाजूने कौल देऊ, तोही एकट्या फ्लॅटच्या नव्हे, वस्तीच्या बाजूने.

जाताना एक चूक सर्रास होते, ती म्हणजे गावाचे कागद गावातच सडू देणे. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि तो शहरात नसतो. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुना खासरा या सगळ्यांच्या प्रमाणित प्रती निघण्यापूर्वीच काढा. वतनाची जमीन कमी किमतीत मागणारे तुम्ही निघालात की लगेच दारात येतात. १९५८ च्या कायद्यानंतर मिळालेली ती जमीन नवीन शर्तीची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे त्यांना माहीत असते, तुम्हाला नसते. गायरान कसणाऱ्याने तर जास्तच सावध व्हावे. कसणे थांबले की दावा गेला. आणि नांदेड, देगलूरकडच्या बांधवांसाठी खास: हैदराबाद जवळ आहे, मजुरीही बरी आहे, पण राज्याची सीमा ओलांडली की महाराष्ट्रातल्या जातीच्या दाखल्यावर त्या राज्याचे आरक्षण मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० पासून २०१८ पर्यंत हेच सांगितले आहे. मुलांच्या शिक्षणासाठी निघणाऱ्याने हे आधी तपासावे.

आणि मागे राहतात त्यांचे काय? वीस घरांच्या वाड्यातून पंधरा शिकली-सवरलेली घरे निघून गेली की उरलेल्या पाच घरांत म्हातारी माणसे आणि विधवा बाया असतात. त्यांच्यावर बहिष्कार पडला तर पोलीस ठाण्यात फिर्याद लिहून घ्यायला लावणारा कोणी नसतो. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा राज्याचा कायदा आहे, ॲट्रॉसिटी कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने तरतूद आली, पण तक्रार घेऊन जाणारा माणूस कायदा पुरवत नाही. म्हणून निघण्यापूर्वी वस्तीची बैठक बोलवावी, कोण कोणत्या शहरात जाणार हे विहारात बसून ठरवावे, शक्य तो एका गावची माणसे एकाच शहरात, एकाच भागात जावीत. स्मशानभूमीची नोंद, विहाराची जागा आणि मागे राहिलेल्यांचे फोन कोणी उचलायचे, हे त्याच बैठकीत नावानिशी वहीत लिहावे.