गळीत हंगाम सुरू झाला. लांबलेल्या फिटसाठी आपलं आरोग्य केंद्र तयार आहे का?

कारखाने सुरू झाले. बीड, जालना, अहिल्यानगर भागातल्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात अन् कर्नाटकात उतरल्या. उचल किती, टनाला दर किती, याच्या बातम्या रोज येताहेत. या टोळ्यांबरोबर काही घरांतली एक छोटी पिशवीही जाते, तिच्यात फिटच्या गोळ्या असतात. हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो आणि एवढ्या दिवसांच्या गोळ्या एकदम कुणी देत नाही. मध्येच संपल्या की परक्या गावात ओळखीचा डॉक्टर नसतो. दवाखान्यात जायचं म्हटलं तर दिवस मोडतो, खाडा धरला जातो. मग गोळी बंद पडते. फिटची गोळी अशी अचानक बंद होणं हे लांबलेल्या फिटचं एक मोठं कारण आहे.

टोळ्यांचंच कशाला, गावातही तेच चालतं. सासरी कळू नये म्हणून सून लपूनछपून गोळी घेते, पाहुणे आले की चुकवते. अपस्माराच्या कारणावरून लग्न अडवायची हिंदू विवाह कायद्यातली तरतूद १९९९ मध्येच काढून टाकलेली आहे, पण लोकांच्या मनातून ती अजून गेलेली नाही.

आता लांबलेली फिट म्हणजे काय ते बघू. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं उलटली तर ती स्वतःहून थांबण्याची शक्यता कमी होत जाते. पूर्वी डॉक्टर लोक अर्ध्या तासाची व्याख्या धरायचे. २०१५ मध्ये अपस्मारावरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सांगितलं, की हातपाय झाडणारी फिट पाच मिनिटांपुढे गेली की उपचार सुरू करायचे, कारण अर्ध्या तासानंतर मेंदूला कायमची इजा व्हायचा धोका असतो. एक फिट थांबली आणि माणूस शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर तीही यातच धरतात.

म्हणजे घरच्यांचं पहिलं काम मोबाईलवर वेळ बघायचं. माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, चूल, विहीर, कोयता यांपासून लांब घ्यायचं. कांदा, चप्पल, लोखंडाची चावी यांनी फिट थांबत नाही. ती बहुतेक वेळा आपोआप थांबते आणि नाव चपलेचं होतं. दातांत चमचा घातला तर दात तुटतो, पाणी पाजलं तर ते फुफ्फुसात जातं. पाच मिनिटं झाली की १०८. पहिलीच फिट असेल, बाई गरोदर असेल, पाण्यात पडलं असेल किंवा डोक्याला मार असेल, तर पाच मिनिटंसुद्धा थांबायचं नाही.

इथपर्यंतचं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. खरी अडचण पुढे आहे. रात्री अकराला जीपमध्ये घालून पेशंट प्राथमिक आरोग्य केंद्रात आणला, तर त्याला पहिला हात लावते ती सिस्टर. कागदावर सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक केंद्र. हंगामात कारखान्याच्या परिसरात टोळ्यांची भर पडते, ती त्या हिशोबात कुठं धरलेली असते? डॉक्टर क्वार्टरवरून येईपर्यंतची पाच-दहा मिनिटं सिस्टरची असतात आणि पेशंटचं बरंचसं भवितव्य त्यात ठरतं.

त्या वेळात ती काय करते हे नातेवाइकांना माहीत नसतं, म्हणून ‘सलाईन लावा, सलाईन लावा’ असा आरडाओरडा होतो. सलाईनने फिट थांबत नाही. सिस्टर आधी पेशंटला कुशीवर घेते, तोंडातला फेस, उलटी सक्शनने ओढते, ऑक्सिजन लावते. बोटाला टोचून साखर बघते, कारण साखर उतरल्यानेही फिट येते आणि तसं असेल तर ग्लुकोज दिल्याशिवाय भागत नाही. दारूचं व्यसन असेल तर ते लपवू नका, त्या माणसाला ग्लुकोजबरोबर थायमिन हे जीवनसत्त्वही द्यावं लागतं. बाई पाच महिन्यांच्या पुढची गरोदर असेल तर सगळं गणितच बदलतं. ती झटका गरोदरपणातल्या वाढलेल्या बीपीचा धरतात आणि तिथं मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन लागतं. ‘दिवस गेलेत’ हे दारातच सांगायचं ते याचसाठी.

फिट तोडणारं औषध म्हणजे मिडाझोलम, लोराझेपाम किंवा डायझेपाम. यातलं लोराझेपाम फ्रीजमध्ये ठेवावं लागतं आणि लसीच्या फ्रीजमध्ये दुसरी औषधं ठेवायला बंदी आहे. डायझेपामचं इंजेक्शन शिरेतून देतात, दंडात दिलं तर उशिरा लागू पडतं. हातपाय झाडणाऱ्या माणसाची शीर अंधुक उजेडात सापडणं म्हणजे नशिबाचा भाग. मिडाझोलम मात्र बाहेर राहतं, मांडीत टोचता येतं, त्याचा नाकात मारायचा स्प्रेही मिळतो. अमेरिकेत रुग्णवाहिकांमध्ये झालेल्या आणि २०१२ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात, मांडीत मिडाझोलम दिलेल्या १०० पैकी ७३ जणांची फिट दवाखान्यात पोचेपर्यंत थांबलेली होती. शिरेतून लोराझेपाम दिलेल्यांत हाच आकडा ६३ होता. मुख्य कारण साधं होतं, शीर शोधण्यात वेळ गेला नाही.

तरी बऱ्याच ठिकाणी हात आखडतो. ‘औषधाने श्वास बंद पडला तर नातेवाईक अंगावर येतील’ ही भीती खोटी नाही, अशी हाणामारी गावोगावी झालेली आहे. पण आकडे उलट सांगतात. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये रुग्णवाहिकेतल्या पेशंटवर झालेला अभ्यास २००१ मध्ये आला. औषध मिळालेल्यांत श्वास किंवा रक्ताभिसरणाचा त्रास १०० त साधारण १० ते ११ जणांना झाला. नुसतं दिखाऊ इंजेक्शन मिळालेल्यांत तो २२ जणांना झाला. म्हणजे श्वास बंद पाडते ती मुख्यतः चालू राहिलेली फिट. अर्धवट डोस देऊन वाट बघत बसणं हे सगळ्यात वाईट, कारण फिट जितकी लांबते तितकं औषध कमी लागू पडतं. डोस दिल्यावर सिस्टरने श्वास, बीपी, ऑक्सिजनचा आकडा बघत पेशंटजवळच थांबायचं असतं. त्या वेळी तिला केसपेपर आणायला पिटाळू नये.

एवढ्यावर फिट थांबली नाही तर फेनिटॉइन, लेव्हेटिरासिटाम अशी पुढची औषधं येतात. फेनिटॉइन ग्लुकोजच्या बाटलीत घातलं तर त्याचा साका होतो, साध्या सलाईनमध्येच द्यावं लागतं आणि तेही हळूहळू. घाईत सोडलं तर बीपी पडतं. ‘सिस्टर, बाटली जोरात सोडा की’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

फिट थांबल्यासारखी दिसते आणि पेशंट जागाच होत नाही, असंही होतं. हातपाय शांत, पण पापणी नाहीतर ओठाचा कोपरा फडफडत राहतो. मेंदूतली फिट चालूच असते. हे पकडायला मशीन नसलं तरी जवळ बसलेल्या सिस्टरची नजर पुष्कळ उपयोगी पडते. ‘झोपलाय, झोपू द्या’ म्हणून घरी न्यायची घाई इथं जिवावर बेतते.

पुढे पाठवताना चिठ्ठीवर तीन गोष्टी पाहिजेत: फिट किती वाजता सुरू झाली, कोणतं औषध किती दिलं, किती वाजता दिलं. पहिली गोष्ट घरच्यांशिवाय कुणालाच सांगता येत नाही. चालू गोळ्यांचं रिकामं पाकीट खिशात असलं तर निम्मा शोध वाचतो.

रुग्ण कल्याण समितीत सरपंच, सदस्य बसतात. तिथं रंगरंगोटीच्या बिलावर तासभर चर्चा होते. पुढच्या बैठकीत चार प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. मिडाझोलम आहे का, त्याची मुदत कधी संपते? लाईट गेल्यावर सक्शन चालतं का? ऑक्सिजनची टाकी भरलेली आहे का? डॉक्टर पोचायच्या आधी पहिला डोस द्यायची लेखी सूचना सिस्टरला दिलेली आहे का? टोळ्या एप्रिलपर्यंत इथंच आहेत. मुकादमांच्या याद्या कारखान्याकडे असतात, त्यात कुणाला फिटच्या गोळ्या चालू आहेत एवढं आशाताईंनी कोपीवर जाऊन विचारलं, तर त्या गोळ्या इथूनच देता येतील.